पंचवीस ते पन्नास : या वयात तबलजीनं खायचं काय?

परवा सकाळी बसस्टँडसमोर चहा घेत उभा होतो. पुण्याहून आलेल्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समधून एक पोरगं उतरलं. पाठीवर सॅक, एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात तबला-डग्ग्याची पिशवी. ओळखीचं होतं. आपल्याच तालुक्यातल्या एका खेड्यातलं. वय एकोणतीस. नाव लिहीत नाही, त्यानंच नको म्हटलंय.

‘सुट्टीवर आलास का?’ मी विचारलं.

‘नाही दादा. खोली सोडली.’

ज्यांना वाटेल की पोरगं आळशी असेल किंवा हातात दम नसेल, त्यांच्यासाठी सांगतो. नवव्या वर्षापासून तबला शिकलाय. विशारद झाला, अलंकार झाला. आकाशवाणीची परीक्षा पास आहे. सात वर्षं पुण्यात होता. चहा पिता पिता त्यानं हिशोब सांगितला, तो तुम्हीही ऐका.

कोथरूड, औंध, सिंहगड रोड अशा पाच घरी शिकवण्या. एका घरचे महिन्याला बाराशे ते पंधराशे. पोरांच्या शाळेच्या परीक्षा आल्या की शिकवणी बंद, मे महिन्यात गावाला गेले की बंद. शिकवणी बंद म्हणजे पैसेही बंद. कथ्थकच्या एका क्लासला आठवड्यातून दोन दिवस साथ, तासावर पैसे. गणपती, दिवाळी पहाट आणि थंडीत थोडेफार कार्यक्रम. चांगला महिना असला तर सोळा-सतरा हजार, वाईट असला तर सात. त्यात कॉट बेसिसवर खोली, मेस, पेट्रोल. तबल्याची पुडी फाटली की तो खर्च वेगळा.

आणि रियाझ? खोलीत तबला वाजवायला सोसायटीची बंदी. मग हा पोरगा पहाटे त्या कथ्थकच्या हॉलवर जायचा. सहा ते आठ रियाझ करायचा आणि त्याबदल्यात हॉल झाडून-पुसून द्यायचा. अलंकार झालेला माणूस!

आता परळीत एका फायनान्स कंपनीत वसुलीचं काम मिळतंय म्हणाला. पंधरा हजार आणि पेट्रोल. त्याचे वडील शेतकरी आहेत. संध्याकाळी त्यांचा फोन आला, ‘भाऊ, तुम्ही तरी त्याला समजावून सांगा, बोटं वाया घालू नको म्हणावं.’ मी काय समजावणार? दर महिन्याला ठरलेले पैसे देणारी ती एकच जागा त्याला सापडली आहे.

यावर काहीजण लगेच म्हणणार, संघर्ष केल्याशिवाय कलाकार घडत नाही. भीमसेनजी नाही का घर सोडून पळाले? पळाले की. १९३३ साली, अकरा वर्षांचे असताना. पण गोष्ट तिथंच थांबवू नका, पुढची पण सांगा. गुरूच्या घरी राहायची-जेवायची सोय झाली, आणि ऐन विशीत लखनौच्या रेडिओवर नोकरी मिळाली. वसंतराव देशपांडे तर वीसेक वर्षं पुण्यात लष्कराच्या हिशोब खात्यात कारकून होते. दिवसा फायली, बाकीच्या वेळेत गाणं. अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय होता. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा खाँसाहेबांना मुंबईची वाट धरावी लागली.

तबल्याचंच बोलायचं तर उस्ताद अहमदजान थिरकवाँ घ्या. ते बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत नोकरीला होते. नंतर रामपूरच्या दरबारात. त्यानंतर लखनौच्या भातखंडे कॉलेजात शिकवायला. नाटक कंपनी, दरबार, कॉलेज. एक गेलं तर दुसरं होतं. थिरकवाँसाहेबांचा हात सोन्याचा होता, पण त्या हाताला पगार देणारं कुणीतरी कायम होतं. आपण मोठ्या कलावंतांच्या गोष्टीतली उपासमार तेवढी लक्षात ठेवतो आणि पगार विसरतो.

आता आजचा सरकारी कागद बघा. केंद्राची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय अठरा ते पंचवीस, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. राज्याची ज्येष्ठ कलावंत मानधन योजना आहे. २०२४ पासून महिना ५,००० रुपये. त्यासाठी वय हवं पन्नासच्या पुढं. म्हणजे पंचविशीपर्यंत सरकार विद्यार्थी म्हणून विचारतं आणि पन्नाशीनंतर वृद्ध म्हणून. मधली पंचवीस वर्षं, ज्यात माणूस लग्न करतो, लेकरं वाढवतो आणि ज्यात त्याचा हात सगळ्यात जास्त चालतो, त्या वर्षांत त्यानं खायचं काय? मधल्या वयासाठी संशोधनाच्या फेलोशिप आहेत, पण त्या प्रकल्प लिहून देणाऱ्यांच्या आणि देशभरात मोजक्या. रोज साथ करणाऱ्या तबलजीच्या त्या कामाच्या नाहीत.

एक गंमत अजून सांगतो. शास्त्रीय कलावंताला एका कार्यक्रमाच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनावर जीएसटी माफ आहे. मी हे त्या पोराला सांगितलं. तो पहिल्यांदा हसला.

पण सगळं सरकारवर ढकलून मला मोकळं व्हायचं नाही. आपल्याबद्दल बोलू.

अंबाजोगाईला आपण मराठवाड्याचं पुणं म्हणतो. मुकुंदराजांचं नाव घेतो, दासोपंतांचं नाव घेतो. पद्मश्री शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज याच तालुक्यातला, हे पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात दर नोव्हेंबरला चांगलं गाणं ऐकायला बसतो. ऐकणारं गाव आहे आपलं, यात शंकाच नाही. पण शिकलेल्या पोराला पोटासाठी इथं काय आहे? शाल, नारळ, मानचिन्ह आणि ‘आपलाच माणूस आहे’ हे वाक्य. बाहेरच्या कलाकाराला आपण पाकीट देतो, लॉजची रूम देतो, जायला गाडी देतो. आपल्या माणसाकडून फुकट वाजवून घेतो.

यात मी पण आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही काही पत्रकारांनी एक पुरस्काराचा कार्यक्रम घेतला. सुरुवातीला अर्धा तास वादन ठेवलं होतं. वाजवायला हाच पोरगा होता, पुण्याहून स्वतःच्या तिकिटानं आलेला. मंडपवाल्याला पैसे दिले, साउंडवाल्याला दिले, जेवणवाल्याला दिले. याला शाल दिली. बातमीत नाव मात्र ठळक छापलं. परवा त्यानं ते काढलंसुद्धा नाही, मलाच आठवलं. कमीत कमी तिकिटाचे पैसे तरी द्यायचे होते. दिले नाहीत, कारण तो मागणार नाही हे मला माहीत होतं.

पैसे नाहीत म्हणू नका. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, त्या गावातसुद्धा सप्ताहाला घरटी वर्गणी निघते. त्यातून कीर्तनकाराचं, गायनाचार्यांचं, मृदंगाचार्यांचं पाकीट निघतं. कमी-जास्त असेल, त्यावर वाद आहेत, पण पखवाज वाजवणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही हे खेड्यातल्या माणसाला कळतं. ते आपल्या शहरातल्या शिकल्या-सवरल्या आयोजकांना का कळू नये?

आणि मागणी नाही असंही म्हणू नका. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून किती आई-बाप लेकरांना क्लासला घालतात ते बघा. गुण मिळाले की अकरावीला क्लास बंद, हार्मोनियम माळ्यावर. गुणांपुरता गुरू लागतो, महिन्याची फी द्यायची वेळ आली की घासाघीस. कोचिंग क्लासला लाखभर रुपये एका हप्त्यात भरणारा बाप तबल्याच्या सरांना म्हणतो, ‘दोन सुट्ट्या झाल्या, तेवढे कमी करा.’

माझ्या डोक्यात तीन साध्या गोष्टी आहेत.

एक. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असली तर त्या शाळेत कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असं त्याच्या परिशिष्टातच लिहिलंय. तुमच्या लेकराच्या शाळेत कलेचा निदेशक कोण आहे, पुढच्या पालकसभेत विचारा. संस्थाचालकांनी मनावर घेतलं तर दोन-तीन शाळा मिळून एक संगीत शिक्षक नेमू शकतात.

दोन. गावात कुठलाही कार्यक्रम असो, जयंती असो, पुरस्कार असो, नेत्याचा वाढदिवस असो, स्थानिक कलावंताचं मानधन आधी ठरवा आणि वाजवून झाल्यावर त्याच रात्री द्या. पैसे नसतील तर वादन ठेवू नका. मंडपवाल्याला ‘आपलाच माणूस’ म्हणून फुकट मंडप मागता का?

तीन. महिन्याची बैठक. दोनशे माणसांनी महिना शंभर रुपये काढले तर वीस हजार होतात. त्यात दर महिन्याला एक कार्यक्रम होतो आणि तीन-चार कलावंतांना सन्मानानं पैसे देता येतात. स्टेज नको, पाहुणे नको, भाषण तर अजिबातच नको. एखाद्या शाळेचा हॉल आणि सतरंजी पुरे. शंभर रुपये म्हणजे शिवाजी चौकात दोघांचा नाश्ता-चहा.

एवढ्यानं कुणी श्रीमंत होणार नाही, मला माहीत आहे. पण शाळेचे काही तास, बैठकीचे थोडे, शिकवण्यांचे थोडे असं मिळून पंधरा हजार इथंच झाले, तर त्याला वसुलीला जावं लागणार नाही. घरी राहील, पहाटे शेतात बसून रियाझ करील. तिथं सोसायटी नाही तक्रार करायला.

त्यानं कंपनीला एक तारखेपर्यंत कळवायचंय. बारा दिवस आहेत.

माझे शंभर आणि तीन वर्षांपूर्वीचं राहिलेलं मानधन आज रात्री त्याच्या घरी जाऊन देणार आहे. बैठकीसाठी ज्यांना महिना शंभर द्यायचेत त्यांनी खाली फक्त ‘हो’ लिहा. शाळेच्या संस्थांवर असलेले बरेचजण ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे. त्यांनी इथं लिहू नका, सरळ फोन करा. आणि ‘छान लिहिलंय सर’ म्हणणाऱ्यांना हात जोडून विनंती, या वेळेला ते राहू द्या.