पाटी बोलत नाही, आपल्यालाच बोलावं लागतं

आमचं घराणं पिंजाऱ्यांचं. अब्बा कापूस पिंजून गाद्या भरायचे. आता ते दुकान भाईजान सांभाळतात. मी इंजिनिअर होऊन पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. दरम्यान फोमच्या गाद्या आल्या, त्यांच्या मोठाल्या जाहिराती आल्या आणि आमचं गिऱ्हाईक मोहल्ल्यापुरतं उरलं.

मी भाईजानना म्हणालो, "जाहिरातीला पैसे नाहीत, तर लोकांसमोर उभे राहून बोला." त्यांचं उत्तर आपल्यापैकी अनेकांचं असेल: "मेरी मराठी सुनके लोगां हसेंगे रे."

तरी एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत १५ मिनिटं मिळाली. भाषण मी लिहून दिलं, हीच चूक झाली. उत्तम दर्जा, वाजवी दर, तत्पर सेवा! भाईजान कागद वाचत होते आणि लोक घड्याळाकडे बघत होते. तेवढ्यात एका आजींनी विचारलं, "अहो, माझी गादी दोन वर्षांत दगडासारखी का होते?"

भाईजाननी कागद खिशात घातला. अंगाचा भार आणि घामाची ओल यांनी कापसाचे तंतू कसे दबून एकमेकांत गुंततात, गादीला ऊन का द्यायचं, ती उलटी-पालटी का करायची, काही वर्षांनी कापूस पुन्हा का पिंजायचा, हे सगळं त्यांनी सांगितलं. मग कोणीतरी भेसळ कशी ओळखायची ते विचारलं. त्यांनी स्टीलची ताटली मागवली आणि दोन धागे पेटवले. कापूस कागदासारखा जळला आणि त्याची मऊ राख झाली. पॉलिएस्टर वितळलं आणि त्याची कडक गोळी झाली. मागचे लोक उठून पुढे आले. मराठीवर कोणी हसलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यातले काही जण जुन्या गाद्या घेऊन दुकानात आले. आजवर त्या भागातून आमच्याकडे कोणी येत नव्हतं.

यातून मी एक शिकलो. धंद्यासाठी बोलायचं म्हणजे आपला माल चांगला आहे असं सांगायचं नाही. आपल्याला कळणारी एक उपयोगी गोष्ट लोकांना देऊन टाकायची. "सगळं सांगितलं तर लोक आपल्याकडे कशाला येतील?" असं अब्बांनीही विचारलं होतं. पण जो माणूस स्वतःच पारख शिकवतो, तो पारखीला घाबरत नाही, हे लोकांना कळतं. शिवाय चारचौघांत बोललेला शब्द आपल्यालाही बांधतो. आता आमच्या दुकानात भेसळ करायची सोय उरली नाही! आणि जे खरं नाही ते बोलायचं नाही. कापसाच्या गादीने पाठदुखी बरी होते, असं भाईजान कधीच सांगत नाहीत.

बोलणं शिकता येतं. कॅलिफोर्नियात १९२४ साली सुरू झालेल्या टोस्टमास्टर्सचे क्लब आज आपल्याकडच्या शहरांतही आहेत. मी तिथेच शिकलो. साधारण ५ ते ७ मिनिटांचं भाषण, वेळ दाखवणारे हिरवा, पिवळा, लाल दिवे आणि तुमचे 'अं... अं...' मोजणारा एक सभासद. पण क्लब नसला तरी अडत नाही. मोबाईलवर स्वतःला रेकॉर्ड करा, एकच मुद्दा निवडा, हातात दाखवायला एक वस्तू ठेवा, निम्मा वेळ प्रश्नांना द्या. शेवटी दुकानाचं नाव आणि पत्ता एकदाच सांगा.

जागाही पुष्कळ आहेत: सोसायटीची बैठक, बचत गट, वाचनालय, शाळेतली पालकसभा. फक्त मोहल्ल्याबाहेर पाऊल टाकायला हवं. आपलं नाव ऐकून काही जण आधीच मत बनवतात, हे मी नाकारत नाही. १५ मिनिटांच्या बोलण्याने ते पुसलं जाईल असा माझा दावाही नाही. पण "ते लोक" याऐवजी "ते गादीवाले, ज्यांनी धागा जाळून दाखवला" अशी ओळख झाली, तर ती जाहिरातीपेक्षा मोठी कमाई आहे. मराठी आपलीही भाषा आहे. तिच्यात घरच्या बोलीचा सूर मिसळला तर लाजायचं कशाला?

आता एका बचत गटाने बोलावलं आहे. गाद्यांच्या खोळी भाभी शिवतात, म्हणून भाईजान म्हणाले, यावेळी तूच बोल. भाभींनी आधी नाही म्हटलं. काल रात्री मात्र त्या स्वयंपाकघरात एकट्याच मोठ्याने बोलत होत्या. समोर मोबाईल रेकॉर्डिंगला लावलेला होता.