शृंगाराचे मोल

वाळवा तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यात होता, आज तो सांगलीत मोडतो. या एकाच तालुक्याने मराठीला शृंगार व प्रेम यांचे दोन लोकप्रिय लेखक दिले : रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) आणि वाटेगावचे अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९). एकाच्या लावण्या फडाफडांतून गाजल्या. त्याची अखेर विपन्नावस्थेत झाली. दुसऱ्याने घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून कादंबऱ्या लिहिल्या, त्यांवर चित्रपट निघाले. दारिद्र्य मात्र सुटले नाही.

आपण कार्यकर्ते जयंतीला ‘फकिरा’चा (१९५९) जयघोष करतो; ‘वैजयंता’, ‘माकडीचा माळ’ यांना करमणूक म्हणून बाजूस सारतो. तमाशातील स्त्रीला आणि भटक्या जमातीतील तरुणीला मनाजोगते प्रेम करण्याचा अधिकार आहे, हे सांगणे समतेचे कार्य नव्हे काय? आंतरजातीय विवाहाचा पुरस्कार करणाऱ्या चळवळीस हा सोवळेपणा शोभत नाही.

प्रेमकथा हलकी ठरली की तिच्या लेखकाची मजुरीही हलकी ठरते. त्यात सोय असते ती केवळ विकणाऱ्याची. लेखणीच्या घामालाही रास्त दाम मागणे, हे आपलेच काम आहे.