पुरात बुडालेल्या दोन सायकली

गेला महिनाभर आमच्या घरात एकाच विषयावर वाद चालला होता आणि तो विषय लग्नाचा नव्हता, याचेच शेजाऱ्यांना नवल वाटत होते. मुलीला गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. घरापासून दहाएक किलोमीटर. तिची आई म्हणाली, स्कूटर घे. मी म्हणालो, बसने जा. ती म्हणाली, "बाबा, मी सायकल घेणार. वाकड्या हँडलची. आणि बारा महिने तीच चालवणार."

वाकडे हँडल म्हणजे आम्ही लहानपणी ज्याला 'रेसर' म्हणायचो ते, मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले. साध्या सायकलचे हँडल उलटे बसवून रंकाळ्याला फेरी मारणारी पोरे त्या काळी वाया गेलेली समजली जात. त्यामुळे माझ्या पहिल्या विरोधात तंत्र काहीच नव्हते, नुसता बाप होता.

पण 'बारा महिने' हा शब्द डोक्यात राहिला. कोल्हापुरात बारा महिने सायकल चालवायची म्हणजे खरा प्रश्न पावसाळ्याच्या चार महिन्यांचाच. उरलेले आठ महिने कुठलीही सायकल काढते. आणि पावसाळ्यात सायकलचे काय होते, याचा एक धडा आमच्या जिन्याखालीच घडून गेला होता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फूट ओलांडले. धोक्याची पातळी त्रेचाळीस फुटांची! शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत पाणी शिरले तेव्हा आम्ही कागदपत्रे आणि देव घेऊन नातेवाइकांकडे गेलो. जिन्याखाली दोन सायकली राहिल्या. एक माझ्या वडिलांची, काळी, रॉड ब्रेकची. शाहू मिलच्या पाळीला ते तीवरून जात. दुसरी माझी, ॲल्युमिनियमची, गिअरची, घेऊन तीन वर्षे झालेली, हप्ते नुकते फिटलेले.

पाणी ओसरल्यावर दोन्ही गाळातून काढल्या. कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी वडिलांची सायकल एका दुपारी उघडली. छर्रे रॉकेलमध्ये धुतले, बी.बी. एक्सलच्या वाट्या पुसल्या, ग्रीस भरले, चेन नवी टाकली, चाकाचा आउट काढला. संध्याकाळी सायकल दारात उभी. माझ्या सायकलभोवती त्यांनी दोनदा फेरी मारली आणि म्हणाले, "सायेब, हिला उघडायचं कुठनं?" गिअरचे खटके आतून गंजून जाम झाले होते. ते उघडून साफ करायची सोयच नव्हती, अख्खा जोड बदलायचा. जिथे घेतली त्या दुकानाने 'मागवतो' म्हणून चार महिने घालवले आणि मग ते मॉडेल बंद झाल्याचे सांगितले. सायकल भंगारात गेली.

तेव्हापासून माझे एक मत झाले आहे. टिकाऊपणा नुसत्या धातूत नसतो, सायकल आपल्या गावात उघडता येते की नाही, यात तो असतो. दुकानात गेलो की आपण विचारतो, वजन किती, गिअर किती. सुट्या भागांचे कुणी विचारत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याचा उद्योग १८८८ साली इथून जवळच, बेळगावात, सायकलच्या दुकानातूनच सुरू झाला. विक्री आणि दुरुस्ती एकाच छपराखाली होती. आता विकणाऱ्याला पाना धरता येत नाही आणि पानेवाल्या मिस्त्रीला नव्या सायकलचा भाग मिळत नाही.

हे सगळे मुलीला ऐकवून, आता ती साधी काळी सायकल घेईल, अशी माझी समजूत होती. ती म्हणाली, "आजोबांच्या सायकलवर जूनमध्ये एकदा उजळाईवाडीच्या पुढपर्यंत जाऊन या." गेलो. समोरून नैर्ऋत्येचा वारा, सरळ बसलेलो, छाती म्हणजे शीड झालेले. रिम ओली झाल्यावर ब्रेक नावापुरता. वाकड्या हँडलचा अर्थ त्या दिवशी कळला. वाऱ्यात खाली वाकता येते, गर्दीत वरची आडवी दांडी धरून मान ताठ ठेवता येते आणि हात अवघडले की पकड बदलता येते. शर्यतीशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असे नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून तिची यादी मिस्त्रींच्या नजरेने तपासली. सांगाडा पोलादी, कारण पोलादाचा सांधा तुटला तर उद्यमनगरात जोडून मिळेल. ॲल्युमिनियमला सफाईदार वेल्डिंग करणारा शोधावा लागतो आणि जोडानंतर मूळची ताकद राहीलच असे नाही. ब्रेक डिस्कचे, म्हणजे चिखलाची रेती रिम खात नाही. पण तेही तारेचे, तेलाचे नव्हेत, कारण तार कुठेही बदलता येते. मागे आठच चकत्या. बारा चकत्यांची चेन पातळ, महाग, आणि ऐन वेळी मिळेलच याचा भरवसा नाही. पूर्ण मडगार्ड आणि कॅरिअर बसवायला सांगाड्यावर भोके हवीतच. पाठीवर पिशवी आणि वर रेनकोट म्हणजे घामाची अंघोळ.

टायरपाशी अडलो. काळ्या सायकलच्या अठ्ठावीस इंची रिमवर टायर बसतो तो व्यास ६३५ मिलिमीटर आणि या नव्या ७०० मापाचा ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक, पण कोपऱ्यावरच्या दुकानातला टायर बसणार नाही. मुलीनेच तोड काढली. हल्लीच्या एकोणतीस इंची जाड टायरच्या सायकलींची रिमही ६२२ चीच असते आणि त्या आता गल्लोगल्ली आहेत. पस्तीस मिलिमीटर रुंदीचे टायर घेतले. ट्यूब मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हची, पेट्रोल पंपावर हवा भरता येते.

किंमत सांगितली तेव्हा तिची आई बराच वेळ गप्प होती. स्कूटरच्या निम्म्याहूनही कमी, तरी सायकलच्या मानाने जास्तच. ते मला मान्य आहे.

सायकल आली. मिस्त्रींनी उलटी करून पाहिली, क्रँक हलवून पाहिला आणि म्हणाले, "हिचं हुईल." एवढ्या महिनाभरात मला पटलेले हे एकमेव प्रमाणपत्र.

वाद आता फक्त स्टँडचा उरला आहे. ती म्हणते, उगाच वजन. मी म्हणतो, भिंतीचा रंग जातो. काल रात्री ती झोपल्यावर मी तो बसवून टाकला. सकाळी ती काही न बोलता कामावर गेली. स्टँड अजून आहे.