इंजिन बदलणाऱ्यांची कैफियत

आपल्या देशात माणसाला काय काय बदलता येते याची यादी करायला बसले तर दिवाळी अंक पुरणार नाही. घराचे छप्पर बदलता येते, गॅझेटात चार ओळी छापून आडनाव बदलता येते, आणि पक्ष तर सकाळच्या चहाला एक व संध्याकाळच्या चहाला दुसरा, असाही बदलता येतो. पण उस्मानपुऱ्यातल्या एखाद्या तरुणाने १९९८ सालच्या आपल्या मारुती झेनमध्ये तिच्याच कारखान्यात जन्मलेल्या एस्टीमचे इंजिन बसवले, की तो गुन्हेगार होतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम त्याला सांगते की, कारखान्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी नोंदणीपुस्तकाची फारकत होईल असा बदल गाडीत करू नकोस. २०१९ च्या दुरुस्तीने त्यावर शिक्षाही ठरवून दिली आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

हा आरोपी कोण, हे आधी सांगितले पाहिजे. कारण ज्या घरांत गाडी म्हणजे दसऱ्याला हार घालायची आणि मे महिन्यात कोकणात न्यायची वस्तू, तिथे हे वेड कुणाला ठाऊक असायचे कारण नाही. मागे वर उचलायचा दरवाजा असलेली जी आखूड गाडी, तिला हॅचबॅक म्हणतात. अशा गरीब चेहऱ्याच्या गाडीत दांडगे इंजिन घातले की तिची हॉट हॅचबॅक होते. बाहेरून मास्तरांची, आतून पैलवानाची! हे काही आमच्या गल्लीतल्या पोरांच्या डोक्यातून निघालेले खूळ नव्हे. १९५९ साली विलायतेत मिनी नावाची चिमुकली गाडी निघाली, ८४८ घनसेंटिमीटरची. शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या जॉन कूपरला तिच्यात वेगळेच काही दिसले, आणि १९६१ साली ९९७ घनसेंटिमीटरची मिनी कूपर रस्त्यावर आली. तिच्याच वंशातल्या कूपर एसने १९६४ साली माँटे कार्लोच्या शर्यतीत भल्याभल्या लांबलचक गाड्यांना मागे टाकले. जर्मनीत फोक्सवॅगनच्या काही अभियंत्यांनी वरून हुकूम नसताना, फावल्या वेळात, साध्या गोल्फमध्ये अधिक ताकद घालायचा उद्योग मांडला; त्यातून १९७६ साली गोल्फ जीटीआय जन्मली. तिचे इंजिन आले होते ऑडीच्या घरातून. पाच हजार गाड्या काढायचा बेत होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर गेल्या. म्हणजे दुसऱ्या गाडीचे मोठे इंजिन छोट्या अंगात बसवणे हीच या जातीची जन्मकथा आहे. कारखान्याने केले तर ते अभियांत्रिकी, आणि मिस्त्रीने केले तर ते कलम ५२!

आता झेनचे पाहा. ही गाडी १९९३ ते २००६ या काळात आपल्याकडे बनली. तिचे मूळ इंजिन ९९३ घनसेंटिमीटरचे, अश्वशक्ती सुमारे ५०. एस्टीमचे इंजिन १२९८ चे; त्याच्या नंतरच्या, पेट्रोल फवारणाऱ्या आवृत्तीची अश्वशक्ती ८५. ही दोन्ही इंजिने सुझुकीच्या एकाच घराण्यातली. सिलिंडरचा व्यास धाकट्याचा ७२ मिलिमीटर, थोरल्याचा ७४. खरा फरक पिस्टनच्या धावेत आहे: ६१ मिलिमीटरची ती ७५.५ होते. चुलत नव्हे, सख्खा थोरला भाऊच म्हणायचा. तरीही हे काम पाव्हणा आला आणि पाटावर बसला इतके सोपे नाही. जुन्या झेनला कार्बोरेटर होता. थोरल्याला पेट्रोल किती आणि केव्हा द्यायचे हे एक डबीएवढा संगणक ठरवतो. त्यासाठी तारांचे सगळे जाळे नवे ओढावे लागते, पेट्रोलचा पंप बदलावा लागतो, रेडिएटर मोठा लागतो, क्लच आणि गिअरबॉक्स यांचा विचार करावा लागतो. आणि या सर्वांच्या आधी ब्रेक. मी ज्या झेनविषयी लिहितो आहे तिच्या मालकाने इंजिन उतरवण्यापूर्वी महिनाभर नुसत्या ब्रेकांवर आणि स्प्रिंगांवर घालवला. तो इथल्याच शासकीय तंत्रनिकेतनात शिकला, वाळूजला नोकरी करतो, आणि रविवारी त्याचे हात कोपरापर्यंत काळे असतात.

त्या गुन्ह्यात एकदा मीही बसलो. पहाटे क्रांती चौकातून निघून छावणीमार्गे आम्ही दौलताबादला गेलो. गावातून जाताना ती गाडी इतकी शहाण्यासारखी चालली की मला उगीचच फसवणूक झाल्यासारखे वाटले. रस्त्यावरच्या त्या अरुंद दगडी दरवाजातून निघून खुलताबादचा घाट लागला तेव्हा तो एवढेच म्हणाला, "काका, पट्टा नीट बसलाय ना?" मग चढावर, जिथे जुनी झेन धापा टाकीत दुसऱ्या गिअरची भीक मागते, तिथे ही तिसऱ्यातच पुढे सरकली. ओरडली नाही, थरथरली नाही. वळणावर सुकाणूला जरासा हात लागला की तोंड वळत होते. पावणेआठशे किलोंच्या आसपासचे ते अंग जणू रस्त्याची वाट पाहत होते. आजच्या गाड्यांत काचेचे पडदे आहेत, बसल्या जागी थंडगार वारा आहे. पण रस्ता तुमच्या तळव्यांना काही सांगत नाही. इथे तो बोलत होता. वेग म्हणाल तर साठाच्या वर काटा गेला नसेल. या आनंदाला वेग लागतच नाही, हे आमच्या कायदेपंडितांना कोण सांगणार?

कुणी म्हणेल, नाकापेक्षा मोती जड झाला तर? प्रश्न रास्त आहे, आणि तो हसण्यावारी नेणारा माणूस माझ्या पक्षाचा नव्हे. ५० अश्वशक्तीसाठी बांधलेल्या गाडीत ८५ घालायची आणि ब्रेक जुनेच ठेवायचे, म्हणजे पोराच्या हाती पेटता सुतळी बाँब देऊन वात तोडायला सांगणे. इंजिनाच्या आधाराची वेल्डिंग कच्ची असेल, पेट्रोलची नळी तापत्या भागाजवळून नेली असेल, तर त्या गाडीखाली मरणारा बहुधा गाडीचा मालक नसतो. शाळेतून येणारे कुणाचे तरी लेकरू असते. म्हणूनच मी म्हणतो की अशी प्रत्येक गाडी तपासली पाहिजे. पण बंदी घातली की तपासणीच संपते! आज कायदा त्या गाडीकडे बघतच नाही. फक्त ती नाही असे धरून चालतो. नोंदणीपुस्तकात ९९३ आणि बॉनेटखाली १२९८, असा हा दृष्टीआड सृष्टीचा कारभार. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी त्या लपवलेल्या बदलावर बोट ठेवायला मोकळी. चांगला मिस्त्री या कामाला हात लावायला भितो. मग ते जाते पैशासाठी काहीही करणाऱ्याकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती याहून निराळी कोणती?

शिवाय हा कायदा सोवळा आहे, असेही नाही. त्याच कलमात मंजुरी घेऊन पेट्रोलच्या गाडीला गॅसवर चालवायची सोय आहे. डिकीत दाबाखालच्या वायूची टाकी चालते. सगळे इंजिनच काढून टाकून बॅटरीवरची मोटार घालायलाही मान्य संच मिळतात. म्हणजे तपासून मंजूर करण्याची रीत सरकारला येते. चालत नाही तो फक्त सख्खा भाऊ! ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलमाचा अर्थ ठासून सांगितला; न्यायालयाला दोष नाही, पुढ्यात ठेवलेले शब्दच तसे होते. जर्मनीत बदललेली गाडी मान्यताप्राप्त तज्ज्ञापुढे न्यावी लागते. तो ब्रेक, धूर, आवाज पाहतो आणि पटले तर कागदावर नोंद करून देतो. ब्रिटनमध्ये इंजिन बदलले की पुराव्यानिशी कळवायचे, पुस्तकात नवा आकडा चढतो. तिथले रस्ते आपल्याहून जास्त रक्ताळलेले आहेत, असे कुणाला म्हणायचे आहे काय?

आणि त्या दुसऱ्या टोळीला तरी का सोडावे? सायलेन्सर फोडून रात्री साडेबाराला दवाखान्यासमोरून फटफटत जाणारे हे वीर गाडीत काडीची सुधारणा करीत नाहीत. नुसता आवाज विकत घेतात. पोलिसांनी असले सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याचे फोटो छापून येतात तेव्हा मला दिवाळीचा पहिला फराळ खाल्ल्यासारखे वाटते. पण लोकांच्या मनात हे आणि ते एकच. शेजारच्या आजींना विचारा. त्यांच्या लेखी हात काळे झालेला पोरगा म्हणजे वाया गेलेला पोरगा. खंडेनवमीला याच घरात पाना-पक्कडीला हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते. दुसऱ्या दिवसापासून, "शिकलासवरलास ना? मग मिस्त्रीकडे दे की!"

ज्या शहराच्या एका अंगाला वाळूजमध्ये १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे आणि दुसऱ्या अंगाला शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाचा, त्या शहरात हे ऐकावे लागावे! परदेशी आराखड्याप्रमाणे नट आवळणारे हजारो हात आपण तयार केले. स्वतःच्या बुद्धीने एक नट सोडवणारा हात दिसला की दंडाची पावती. २०२१ साली सरकारने पन्नास वर्षांवरच्या मोटारींना वारसा म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण अट अशी की तिच्यात मोठा फेरफार झालेला नसावा. सांभाळणाऱ्याचा मान राखला, ठीकच झाले. घडवणाऱ्याचे काय?

माझी मागणी लहान आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची तपासणी होतेच, पुढे दर पाच वर्षांनी होते. त्याची फी २०२२ साली ६०० वरून ५,००० रुपयांवर नेली. हवी तर दुप्पट घ्या. पण बदललेल्या गाडीसाठी एक वेगळा दिवस, एक जाणता अभियंता आणि ब्रेकची खरी कसोटी ठेवा. आधाराची वेल्डिंग, धूर, आवाज पाहा. नापास झाली तर परत पाठवा, पास झाली तर पुस्तकात १२९८ लिहा.

तोवर काय होणार ते सांगतो. आमच्या उस्मानपुऱ्यातल्या झेनची पुढची तपासणी २०२८ साली आहे. तिचे जुने ९९३ चे इंजिन मालकाने तेल लावून, गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवले आहे. त्या दिवसापुरते ते परत चढेल. पुस्तकाशी सगळे जुळावे म्हणून मोठे ब्रेकही उतरवावे लागतील, जुने बसतील. आणि तसली ती गाडी साहेबांपुढे उभी राहून पास होईल.