दोनशे तासांनंतर

घरातला मुलगा किंवा मुलगी पायलट होणार म्हटले, की आपल्याकडे आधी पेढे येतात आणि मग कपाटातून घराची कागदपत्रे बाहेर निघतात. बँकेत कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षे बसल्यामुळे असेल, माझी नजर पेढ्यांपेक्षा कागदपत्रांकडे आधी जाते. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला साधारणतः तारण लागते. विमान शिकण्याचा खर्च तर पन्नास लाखांच्या आसपास. म्हणजे मध्यमवर्गीय आईवडिलांच्या नावावर जी एकच मोठी वस्तू असते, ती गहाण पडते.

त्या बदल्यात मिळते काय? बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, कडक वैद्यकीय तपासणी, डीजीसीएच्या परीक्षा आणि २०० तासांचे उड्डाण, एवढे पार पडले की कमर्शियल पायलट लायसन्स हातात येते. नातेवाइकांच्या लेखी इथेच गोष्ट संपते. खरी सुरुवात इथून असते. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ चालवायचे, तर त्या त्या विमानाचे टाइप रेटिंग वेगळे, त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. स्वतःच्या पैशांनी एअरबसचे रेटिंग घ्यावे आणि जागा निघाव्यात बोइंगवाल्याकडे, असेही होते.

अमेरिकेत २००९ साली बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळले. त्यानंतरच्या कायद्याने २०१३ पासून तिथे विमान कंपनीत सहवैमानिक व्हायलाही साधारणपणे १५०० तास लागतात. नवशिका आधी दुसऱ्यांना शिकवतो, मग छोट्या प्रादेशिक कंपनीत जातो, मग बड्या. वेळ लागतो, पण वाटेत पगार मिळत राहतो. आपल्याकडे २०० तासवाला, रेटिंग आणि कंपनीचे प्रशिक्षण झाले की, थेट १८० प्रवाशांच्या विमानात उजव्या खुर्चीवर बसू शकतो. ऐकायला केवढे छान! पण याचा दुसरा अर्थ असा, की शिडीला मधल्या पायऱ्या फारशा नाहीतच. प्रशिक्षकाच्या किंवा एटीआरसारख्या छोट्या विमानांवरच्या जागा मोजक्या. उडी साधली तर साधली, नाही तर थांबा.

आणि थांबणे महाग असते. पन्नास लाखांवर ११ टक्क्यांनी वर्षाचे व्याज होते साडेपाच लाख. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता महिना सुमारे ६९ हजार. लायसन्स कपाटात ठेवूनही भागत नाही. ते जिवंत ठेवायला उड्डाणे आणि तपासण्या कराव्या लागतात, त्याचेही पैसे. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये. अशा प्रत्येक वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक बाजारात आले आणि नवी मुले रांगेत आणखी मागे सरकली.

त्याच २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली, इंडिगोने ५०० विमानांची. मथळे वाचून शेजारी म्हणतात, ‘आता पायलट कमी पडणार!’ पडतीलही. पण ही विमाने यायला वर्षे लागतात, आणि डाव्या खुर्चीवरचा कॅप्टन तयार व्हायलाही वर्षे लागतात. चणचण मुख्यतः या कॅप्टनची असते. गर्दी असते ती नवशिक्यांची. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांत वाट जरा सरळ दिसते खरी, पण तिचा खर्च कोटीच्या घरात जातो, आणि पत्रात नोकरीच्या शब्दापुढे ज्या अटी असतात त्या फार बारीक अक्षरांत असतात.

मुलांना परावृत्त करण्याचा माझा हेतू नाही. आकाशाचे वेड असलेल्याला कारकुनीत बसवण्याइतके वाईट काही नाही. फक्त क्रम बदला. वैद्यकीय तपासणी पहिल्या फीच्या आधी करून घ्या. रंगांधळेपणासारखे वैगुण्य तिथेच कळते. कर्जाच्या हिशेबात लायसन्सनंतरची दोन बेकार वर्षे आधीच धरा, आणि तो हिशेब मुलासमोर बसून करा. मग बारामती असो की गोंदिया, फ्लाइंग स्कूल स्वतः पाहून या. विमाने किती, त्यांतली आज उडण्याजोगी किती, २०० तास पुरे व्हायला महिने किती लागतात, तीन वर्षांपूर्वीची मुले आज कुठे आहेत, हे विचारा. माहितीपत्रकात ते नसते. तिथे शिकणारी मुले सांगतात.