टांगलेल्या सायकली

माणूस सायकलवर बसतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. सायकल मोटारीवर बसते, हे मात्र हल्लीच पाहायला मिळू लागलंय. बसते म्हणजे काय, वटवाघळासारखी मोटारीच्या पाठीला लटकते आणि मागून येणाऱ्याला दोन चाकं फिरवून दाखवते.

आमचे दाजी सांगलीचे. त्यांनी विजेवर चालणारी मोटार घेतली, मग गिअरच्या दोन सायकली घेतल्या आणि आता मोटारीच्या मागं हूक बसवायचा ध्यास घेतलाय. हूक म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागं एक ट्रॉली आणि तिच्यामागं दुसरी ट्रॉली ज्या लोखंडी कानात पिन घालून जोडतात, त्याचाच हा कॉन्व्हेंटात शिकलेला भाऊ. मागच्या बंपरच्या आत एक आडवा दांडा चासीला बोल्टांनी आवळायचा, त्यातून एक चौकोनी नळी बाहेर काढायची, नळीत स्टँड खुपसायचा आणि स्टँडवर सायकली टांगायच्या.

"पण दाजी, टपावर का नाही बांधत?"

"अरे, टपावर सायकली वारा अडवतात. बॅटरी लवकर उतरते. मागं लावल्या की गाडीच्या आडोशाला राहतात."

शास्त्र बरोबर आहे. दाजींचं शास्त्र नेहमीच बरोबर असतं. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालायला मजा येते.

कुपवाडच्या एका वर्कशॉपात चौकशी झाली. मिस्त्री म्हणाला, "उसाच्या ट्रॉलीला लावतो तोच हूक मारतो. दहा टन वडंल बघा!" आता दोन सायकली आणि स्टँड मिळून वजन जेमतेम पन्नास किलोच्या आत. पण खरी भानगड ओढण्याची नाहीच, टांगण्याची आहे. हे वजन मागच्या चाकांच्याही मागं लोंबतं आणि प्रत्येक खड्ड्यात हुकाला हिसका देतं. खाली बॅटरी पसरलेली, तिथं वेल्डिंगची ठिणगी नको आणि ड्रिलही नको. गॅरंटी जाते ती वेगळीच. नंबरप्लेट आणि मागचे दिवे सायकलींनी झाकले जातात. गाडी मागं घेताना सेन्सर सायकलींनाच भिंत समजून बोंब मारतो.

शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन अधिनियम, 1988, कलम 52 : गाडीच्या मूळ बांधणीत मनाला येईल तसा फेरफार करायचा नाही. 2017 साली केंद्र सरकारनं गाड्यांपुढच्या संरक्षक दांड्यांविरुद्ध राज्यांना पत्र लिहिलं, तेव्हा याच कलमावर बोट ठेवलं होतं. परदेशात ही सोय कंपनीच करून देते. फोक्सवॅगनच्या आयडी-3 या विजेच्या मोटारीला हूक मिळतो, पण तो फक्त सायकलींचा स्टँड अडकवायला आणि भार 75 किलोपर्यंत. ट्रेलर ओढायला बंदी! हूक आहे पण ओढायचं नाही, ही कल्पना आमच्या मिस्त्रीला पटली नाही. "मग त्याला हूक कशाला म्हनायचं?" असं त्यानं विचारलं. मला त्याचं म्हणणं रास्त वाटलं.

पण वाचकहो, माझं भांडण हुकाशी नाही. भांडण आहे ते या साऱ्या उद्योगाला 'हरित जीवनशैली' म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांशी. तीस किलोच्या सायकली, ज्यांना ना पेट्रोल लागतं ना वीज, त्या दीड टनाच्या आसपास वजन असलेल्या मोटारीनं सांगलीहून साताऱ्यापर्यंत आणायच्या, यवतेश्वरचा घाट चढवायच्या, कासच्या पठाराजवळ उतरवायच्या, तासभर चालवायच्या, फोटो काढायचे आणि पुन्हा टांगून न्यायच्या. म्हणजे वाहनाला वाहून न्यायला वाहन! पालखीतून घोडा मिरवण्यातलाच हा प्रकार.

सायकलीनं पूर्वी प्रवास केला नाही असं नाही. एस.टी.च्या मागच्या शिडीवरून ती टपावर चढायची आणि कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायचा. पण ती सायकल विलिंग्डन कॉलेजात शिकणाऱ्या पोराची असायची. सांगलीत उतरली की वर्षभर राबायची. आणि ज्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे, तिथं तर सायकलीचा अपमान मुळीच शोभत नाही. 1910 साली ती वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात झाली ती 1888 साली, बेळगावातल्या सायकलींच्या दुकानानं. नांगर नंतर आला. त्या काळी गिऱ्हाइकाला सायकल विकून भागत नसे, चालवायला शिकवावंही लागे. टांगायला कुणी शिकवल्याचं ऐकिवात नाही.

हे सगळं मी दाजींना ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "बरं. मग मी सांगलीत कुठं चालवू, ते सांग."

इथं मात्र विनोद संपतो. माझ्या भाचीची शाळा घरापासून दीड मैलावर. सांगलीचा रस्ता सपाट, चढ औषधालाही नाही. तरी पोरगी आठवड्याचे सहा दिवस रिक्षात दहा जणींबरोबर दप्तरासारखी कोंबून जाते आणि रविवारी सव्वाशेच्या वर किलोमीटर लांब सायकल चालवायला जाते. कारण रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या, गाड्यांच्या कडेला हातगाडे आणि उरलेल्यातून डंपर. आईचा जीव होत नाही तिला सोडायचा. साताऱ्यात काही वेगळं नाही. आमच्याकडे वर चढ आहेत, एवढाच फरक. एके काळी बिनदिव्याच्या आणि डबलसीट सायकलवाल्याला पकडायला पोलीस चौकात उभा असे. आज पकडायला सायकलवाला मिळायचा नाही.

तेव्हा दाजींना हसू नका. हसायचंच तर रस्ता रुंद करताना मोटारीचा हिशेब फुटाफुटानं करणाऱ्या आणि सायकलीचा हिशेब शून्यात धरणाऱ्या आपल्या कारभाराला हसा. मागणी फार नाही. शाळेच्या रस्त्याला कडेची चार फुटांची पट्टी मोकळी ठेवा आणि शाळा भरता-सुटताना तिच्यावर एकही गाडी उभी राहू देऊ नका. नगरपालिकेला आणि महापालिकेला रंगाचा एक डबा आणि थोडी हिंमत पुरेल. रंग बाजारात मिळतो.

तोवर दाजी, तुम्ही हूक कायद्यात बसेल असा आणि चांगला मजबूत बसवून घ्या. सायकलींना अजून बरीच वर्षं लटकायचंय.