लाकडी बाहुलीचे भय कोणाला?

बाहुलीला स्वतःची जीभ नसते. तिच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द माणसाचाच असतो. असे असता ती रंगमंचावर पावित्र्याच्या ठेकेदारांची टर उडवू लागली, की पुढच्या रांगेला घाम का फुटावा? बऱ्हाणपुरात मराठी नाटकाची गोष्ट निघाली की शहाणपणाचा एक सल्ला ठरलेला : "आपण येथे थोडे. दोन निरुपद्रवी विनोदी प्रयोग करावेत. देवाधर्माची थट्टा आणि मरणावरचे हसू आपल्याला परवडणारे नाही." हा सल्ला सभ्य आहे; परंतु तो घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्या नाटकाचे नाव काढताच ही मंडळी दचकतील, तेच उदाहरणाला घेऊ. रॉबर्ट आस्किन्स या अमेरिकन नाटककाराचे 'हँड टू गॉड' २०११ साली न्यूयॉर्कमध्ये रंगभूमीवर आले आणि २०१५ साली ब्रॉडवेवर पोहोचले. टेक्सासमधील एका चर्चच्या तळघरात बाहुल्यांच्या खेळातून धर्मशिक्षणाचा वर्ग चालतो; तेथील एका मुलाच्या हातातली बाहुली एकाएकी सैतानी होते आणि बोलू नये ते सारे बोलू लागते. प्रेक्षक पोट धरून हसतो. पण त्या मुलाचा बाप निवर्तला आहे, आणि त्याच्या शोकाला कोणी वाट दिलेली नाही. यात देवाचा अपमान कोठे झाला? अपमान झालाच असेल, तर दुःखावर उपदेशाचे झाकण ठेवणाऱ्यांचा!

"ही पाश्चात्त्यांची थेरे," असे म्हणणाऱ्यांनी आपली परंपरा तरी नीट पाहिली आहे काय? बाहुलीच्या खेळासाठी 'साइखडे' हा शब्द खुद्द ज्ञानेश्वरीत आहे. १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' करून मराठी रंगभूमीचा पाया घालणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडविल्या. त्या पुढे रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा बोलत्या केल्या. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ जतन केला आहे. आणि थट्टेचे म्हणाल, तर कोकणच्या दशावतारात वेद पळविणारा संकासुर देवळाच्या आवारात हशा पिकवितो, तमाशाच्या गवळणीतील मावशी साक्षात श्रीकृष्णाशी हुज्जत घालते. त्याने कोणाची भक्ती आटली?

नाटकाला भिणारे नेहमीच होते. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर परकी सरकारने १९१० साली बंदी घातली. १९७२ साली 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंगांना आपल्याच राज्यातील परिनिरीक्षण मंडळाविरुद्ध उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि न्याय नाटकाच्या बाजूने लागला. इंग्रजांचा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदाही २०१८ साली रद्द झाला. कायदा गेला, पण संयोजकाच्या मनात ठाण मांडून बसलेला परिनिरीक्षक जात नाही. त्याला ना अर्ज लागतो, ना सही. तो संहिता उघडण्यापूर्वीच मिटवितो.

लहान मुले बिघडतील, हा आक्षेप खरा असेल तर दारावर वयाची सूचना लावा. श्रद्धा दुखावेल, हा आक्षेप त्याहून गंभीर आहे, आणि त्याची कसोटीही सरळ आहे : नाटक भाविकाला हिणवीत असेल तर ते पाडावे, भाविकाच्या नावावर सत्ता गाजविणाऱ्याला हिणवीत असेल तर ते उचलून धरावे. दोहोंतला भेद प्रयोग पाहिल्यावाचून कळत नाही.

मुख्य प्रश्न भाषेचा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले. शाळा, कचेरी, बाजार यांचा व्यवहार हिंदीचा झाला. हिंदीशी आमचे भांडण नाही. परंतु ज्या घरात आरती तेवढी मराठीत आणि थट्टा, संताप, शोक मात्र दुसऱ्या भाषेत, त्या घरातली मराठी देव्हाऱ्यात पूजली जाईल, ओठांवर राहणार नाही. तरुण पोरांना तिच्यात खदखदून हसू द्या, प्रसंगी वाकडे बोलू द्या. ती आपोआप टिकेल.

बऱ्हाणपूर हे मागांचे गाव आहे. सुतावर पोट भरणाऱ्या गावाला बाहुलीचे सूत्र कोणाच्या हाती आहे, हे का ओळखता येऊ नये? म्हणून रसिकहो, बाहुलीला भिऊ नका. तिला मराठीत बोलवा, आणि तिचे बोलणे झोंबले तर कोणाला व का झोंबले, ते आधी पाहा.